जळलेली साखर

आई गेल्यावर पंधरा दिवसांनी मी शाळेत परतले आणि नववीला सेंद्रिय-असेंद्रिय संयुगांचा धडा घेतला. बर्नरवर एका चमच्यात साखर धरली, दुसऱ्यात मीठ. साखर वितळली, तांबूस झाली, काळी पडून फुगली आणि पेटली. मीठ नुसतं तडतडलं आणि पांढरंच राहिलं.

"साखर सेंद्रिय, तिच्यात कार्बन आहे, म्हणून ती जळते," मी सांगितलं. "मीठ असेंद्रिय. ते जळत नाही."

सांगताना आठवलं, तिसऱ्या दिवशी दादा आणि मी स्मशानात अस्थी गोळा करत होतो. दादा हुंदके देत होता. ते पांढरे तुकडे पाहून माझ्या मनात एवढंच आलं, की हे कॅल्शियम फॉस्फेट. मला रडू आलं नाही, अजूनही आलेलं नाही. आईचे केस, हातांची मऊ कातडी, हाक मारणारा गळा, ते सगळं सेंद्रिय होतं.

पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "बाई, मग जळलेली साखर गेली कुठे?"

"हवेत," मी म्हणाले. "वायू होऊन. आता ती आपल्याभोवतीच आहे."

मुलीनं गंमत म्हणून खोल श्वास घेतला. तिचं पाहून मीही घेतला, आणि मला तो सोडवेना.