गाडीचा उंबरठा

मी मुळात संशयी बाई आहे. यात कबुली वगैरे काही नाही, चष्म्याचा नंबर सांगावा तसं सांगते आहे. हॉटेलातली ‘आजची खास’ भाजी मला कालची उरलेली वाटते, आणि कुणी ‘सहजच आलो होतो’ म्हणालं की मी आधी त्याच्या हातांकडे बघते. मिशिगनमध्ये, डेट्रॉइटजवळच्या एका मोटार कंपनीच्या स्टुडिओत मी पंचवीसेक वर्षं काढली, तिथे हा स्वभाव चांगला खपला. नवी गाडी आधी मातीत घडवतात, खऱ्या आकाराची. त्या मातीवरून डोळे मिटून तळहात फिरवायचा आणि कुठे खळगा आहे, कुठे उगाच फुगलंय ते सांगायचं, हे माझं काम.

एवढ्या वर्षांत ‘ही गाडी माझी’ असं मात्र एकदाही म्हणता आलं नाही. दाराची एखादी वळणदार रेघ माझ्या हातून उतरलेली असायची, पण मिटिंगमध्ये ती ‘टीमची’ व्हायची, आणि टीम म्हणजे ज्याचा आवाज मोठा तो. म्हणून नोकरी सोडल्यावर ॲन आर्बरच्या बाहेर एक शेड भाड्याने घेतली आणि माझी स्वतःची गाडी काढली. किट कार. म्हणजे आम्ही फायबरग्लासची बॉडी आणि खालचा नळ्यांचा सांगाडा पाठवायचा, आणि गिऱ्हाइकाने एखाद्या जुन्या गाडीचं इंजिन, चाकं काढून आपल्या गराजमध्ये ती उभी करायची. या धंद्यातले निम्मे लोक जुन्या नामांकित स्पोर्ट्स गाड्यांची नक्कल विकतात आणि उरलेले निम्मे त्या नकलेची नक्कल. ‘ओरिजिनल’ हा शब्द मात्र सगळ्यांच्या पाटीवर असतो. माझी गाडी खरोखर कुणाची नव्हती. पुढच्या चाकावरून उठून, दारावरून त्याच्या खालच्या कडेपर्यंत येत मागच्या चाकात शिरणारी एकच अखंड रेघ, तिच्यावर मी दोन हिवाळे घालवले होते.

माझ्याबरोबर स्टुडिओतलाच एक जुना सहकारी होता, मूळचा नागपूरचा. साचे, फायबरग्लास, वेल्डिंग हे सगळं तो बघायचा. आमची किट्स हळूहळू का होईना, जात होती. आणि मग ओहायोतल्या एका किटवाल्याच्या वेबसाइटवर एका नव्या गाडीचा फोटो आला. फोटो मुद्दाम अंधारात काढलेला, तरी चाकावरून दाराकडे वळणारा तिचा खांदा बघून माझ्या मनात पाल चुकचुकली. तो खांदा माझा होता.

पहिला संशय अर्थातच भागीदारावर. कुंपणच शेत खातं, हे काय मला कुणी शिकवायला हवं? आदल्या वर्षीच्या किट गाड्यांच्या मेळाव्यात मी त्याला त्या ओहायोवाल्याशी हसून बोलताना पाहिलं होतं. तेव्हा विचारलं तर म्हणाला, “अरे यार, टॉयलेट कुठंय ते विचारून राहिला होता तो.” एवढं हसण्यासारखं त्यात काय होतं? मी आमच्या सामायिक फोल्डरमध्ये मागच्या भागाचं एक खोटं ड्रॉइंग टाकून ठेवलं. तेच ओहायोत उगवलं की चोर पकडला. आठवड्याभराने भागीदार कॉफी ढवळत म्हणाला, “ते मागचं ड्रॉइंग डिलीट कर. त्यात दिवा बसूच शकत नाही. मला पकडायचंच होतं तर जरा नीट तरी काढायचं ना!” मी ते ड्रॉइंग डिलीट केलं. त्या दिवसापासून तो डबा आपल्या टेबलावर एकटाच खायला लागला.

पुढचा मेळावा ओहायोतच होता, एका मोठ्या गवताळ मैदानावर. मी टोपी, काळा चष्मा घालून गेले. मिशिगनची देशी बाई त्या गर्दीत टोपीने लपते असं मला का वाटलं, कुणास ठाऊक. ओहायोवाल्याची गाडी निळ्या रंगात उभी होती. मी चालत जाऊन तिच्या उजव्या मागच्या चाकावरच्या फुगीर भागावर तळहात ठेवला आणि डोळे मिटले.

आमच्या गाडीत तिथे एक दोष आहे. मूळ नमुना तयार होत असताना ऐन थंडीत शेडमधला हीटर बंद पडला आणि तेवढा भाग किंचित बसला. डोळ्यांना दिसत नाही, फक्त हाताला कळतो. साचा निघाल्यावर लक्षात आलं, तेव्हा उशीर झाला होता. त्यामुळे आमच्या प्रत्येक बॉडीत तो खळगा आहे. आणि कुणी आमच्या बॉडीवरूनच साचा काढला, तर खळगाही बरोबर जाणार.

तो होता. जागचा हलला नव्हता. मला इतका राग आला आणि इतका आनंद झाला, की दोन्हीपैकी काय जास्त होतं ते मला आजही सांगता येणार नाही.

पण लोकांचा घोळका त्या खळग्याभोवती थोडाच होता! तो दाराशी होता. एकेक साठी ओलांडलेला गृहस्थ पुढे यायचा, गाडीत सहज बसायचा, सहज उतरायचा, आणि आपल्या बायकोला हाक मारायचा. असल्या बसक्या गाड्यांत दाराखालची कड फार उंच असते, कारण सांगाड्याची जाड नळी तिथून जाते. आत शिरायचं म्हणजे कुंपण ओलांडल्यासारखा पाय उचलावा लागतो. या गाडीत ती कड मधोमध खाली उतरवली होती. ओहायोवाला छाती काढून सांगत होता, “ही आमची स्वतःची कल्पना. असं कुणीच केलेलं नाही.” माझी अखंड रेघ तिथे मोडली होती. आणि रेघ मोडणारं ते वळण मी आधी पाहिलं होतं.

टेक्सासमध्ये ह्यूस्टनला लागून असलेल्या शुगर लँडला आमचे एक गिऱ्हाईक होते. रिटायर्ड इंजिनियर, सगळा जन्म तेलाच्या पाइपलाइनवर गेलेला. मी त्यांना काका म्हणायचे. गिऱ्हाइकाने किती फोन करावेत याला काही सुमार असतो, काकांना नव्हता. नळीची जाडी किती, फायबरचे थर किती, इथे कापलं तर काय होईल, तिथे जोडलं तर काय होईल. एकदा त्यांनी मला फोटो पाठवला: माझ्या दाराखालची कड त्यांनी करवतीने कापून खाली घेतली होती आणि खालून दुसरी नळी वेल्ड करून मजबुती दिली होती.

“काका, हे काय केलंत? सगळी लाइन गेली!”

“अगं, हिचा गुडघा वर जात नाही. हा तुझा उंबरठा ओलांडणार कशी ती?”

मी त्यांना ते पूर्ववत करायला सांगितलं. त्यांनी “बघतो, बघतो” म्हटलं, म्हणजे करणार नव्हते. आणि त्याच हिवाळ्यात त्यांचे फोन बंद झाले. तेव्हा मला हायसं वाटलं होतं. आता मैदानावर उभं राहून मी सगळं जोडलं: ते प्रश्न, ती मापं, ती अचानक शांतता. अति तिथे माती म्हणतात, इथे अति झालं ते माझ्याच डोळ्यांसमोर, तरी मला दिसलं नाही. काकांनी माझी गाडी त्या माणसाला विकली होती, वर आपली कल्पनाही. गोड बोलून गळा कापला होता.

फोन केला असता तर ते सावध झाले असते. मी भागीदाराला “ह्यूस्टनला भाचीकडे जाते” असं सांगितलं आणि विमान पकडलं. ह्यूस्टनला उतरल्यावर असा दमट उकाडा, की भाड्याच्या गाडीपर्यंत पोचेपर्यंत ब्लाउज पाठीला चिकटला. शुगर लँडला पोचून काकांच्या घराची घंटा वाजवली. आत हालचाल ऐकू आली, पण दार उघडेना. बराच वेळ. मी मनात म्हटलं, बघा, लपवालपवी चालली आहे.

दार काकूंनी उघडलं. एका हातात काठी, दुसरा भिंतीला. मला त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं, पण नाव सांगताच ओळखलं.

“तू मिशिगनची ना? गाडीवाली? ये गं. तुला कळवायचं राहूनच गेलं बघ. हे गेले, जानेवारीत. झोपेतच.”

मी उंबऱ्यात उभी होते आणि भांडणाची अख्खी तयारी तोंडात तशीच राहिली. मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. आणि त्याच क्षणी डोक्यात हेही आलं, की मग गाडी ओहायोला पोचली कशी? माझा स्वभाव असा आहे, त्याला मी काय करू?

काकूंनी बसवलं, पन्हं दिलं आणि न विचारता सगळं सांगितलं. मुलगा सिॲटलला असतो. तो आला, म्हणाला, “Aai, you can’t keep a half-built car in there,” आणि त्याने गाडी ऑनलाइन टाकली. ओहायोहून एक माणूस ट्रेलर घेऊन आला.

“मी त्याला सांगितलं हो,” काकू म्हणाल्या. “म्हटलं, हे डिझाइन एका मराठी मुलीचं आहे, मिशिगनला असते. ह्यांनी तिच्याकडून घेतलं. तर म्हणतो कसा, आय नो, आय नो.”

त्याला माहीत होतं! हातात ग्लास होता म्हणून, नाहीतर मी टाळी वाजवली असती. खळगा होता, विक्री होती, आणि आता साक्षीदार होता. वकिलाला आणखी काय लागतं? मी काकूंना विचारलं, हे असंच लिहून द्याल का?

“देईन की. खोटं थोडंच आहे?” त्यांनी माझ्या फोनवरचा निळ्या गाडीचा फोटो मोठा करून बघितला. “यात ह्यांनी केलेलं कुठलं?”

सगळीच गाडी माझी आहे असं सांगायला मी विमानाने आले होते. त्यांना त्यातलं काही कळलं नसतं. मी दाराखालच्या कडेवर बोट ठेवलं. “हे. आणि लोकांना आवडतंय ते हेच.”

“मग तेही लिहीन मी. तुझं ते तुझं, आणि ह्यांचं ते ह्यांचं.”

बरोबरच होतं त्यांचं, पण मला बोचलं. मेळाव्यावरून परत आल्यापासून आमच्याकडेही लोक तेच विचारत होते, कड खाली मिळेल का म्हणून. भागीदाराचंही मत होतं की करून टाकू. आणि मी केलं तर अख्खी दुनिया म्हणणार, मिशिगनवालीने ओहायोवाल्याची कल्पना ढापली. आयुष्यात एकदाच काहीतरी निव्वळ माझं केलं होतं, आणि त्यातला लोकांना हवा असलेला भाग काकांचा निघाला होता.

“काकू,” मी म्हटलं, “काकांनी केलं तसं मी माझ्या गाडीत करू का? त्यांचं नाव लावून.”

“हे विचारायला आलीस होय एवढ्या लांब?”

“नाही. भांडायला आले होते.”

काकू हसल्या. “मग आधी जेव. उपाशीपोटी कसली भांडतेस?” पण जेवायच्या आधी त्या मला गराजमध्ये घेऊन गेल्या, कारण माप तिथे होतं. गराज रिकामं होतं, फरशीवर फक्त तेलाचे डाग. एका भिंतीवर, खाली, पेन्सिलची आडवी रेघ होती.

“मला इथे उभं करायचे आणि म्हणायचे, उचल पाय, जेवढा जातो तेवढा. मग रेघ मारली. तेवढीच उंची ठेवली त्यांनी.”

पाइपलाइनवाल्या माणसाने नकाशा न बघता बायकोच्या पायावरून माप घेतलं होतं. मी टेप काढला. सवयच ती, दुसऱ्याने घेतलेल्या मापावर माझा विश्वास बसत नाही. म्हणून म्हटलं, “काकू, एकदा उचलून दाखवता का?”

त्यांनी काठी माझ्याकडे दिली, भिंतीला हात लावला आणि पाय उचलला. रेघेपर्यंत आला नाही. पुन्हा उचलला, ओठ दाबून. चार बोटं खालीच राहिला.

“तेव्हा पोचायचा गं,” त्या म्हणाल्या.

त्या रेघेवरून बनवलेल्या गाडीतही त्यांना आता बसता आलं नसतं, ओहायोच्याही नाही आणि माझ्याही नाही. मी खाली बसले, त्यांचा पाय जिथवर आला होता तिथे नवी रेघ मारली आणि सांगाड्याची नळी कशी न्यायची त्याचा विचार करू लागले. एवढं खाली कुणीच नेलेलं नव्हतं. माझी अखंड रेघ तर पार जाणार होती, आणि तिच्याबद्दल मला मनापासून वाईट वाटत होतं.

काकूंनी वरून वाकून बघितलं. “लवकर कर हो,” त्या म्हणाल्या. “हा गुडघा काही तुझ्यासाठी थांबायचा नाही.”