सेक्टर दोन आणि चष्म्याची दुर्बीण

उत्तरेतल्या एका निरीक्षण चौकीवर मी आणि नाईक दत्तू कोकरेनं दोन हिवाळे एकत्र काढले. मी तोफखान्यात हवालदार, तो रेडिओ ऑपरेटर. दोघेही मुळशी तालुक्यातले. माझं घर रिहे गावात. त्याचं घर आणि शेरडं गावाच्या वरच्या उतारावर.

चौकीवरचं काम कंटाळवाणं होतं. समोरच्या डोंगराचे तीन सेक्टर पाडलेले. दर तासाला दुर्बिणीतून उजवीकडून डावीकडे, जवळून लांब बघत जायचं आणि रिपोर्ट द्यायचा. रिपोर्टसाठी दोन शब्द होते. सगळं बघितलं आणि काही नाही, तर ‘क्लिअर’. धुकं, बर्फ किंवा कशानंही नीट बघता आलं नाही, तर ‘अनऑब्झर्व्ड’. क्लिअर दिलेल्या सेक्टरकडे त्या तासात पुन्हा कोणी बघत नसे. त्या शब्दाच्या भरवशावर माणसं तिथून चालायची.

एका सकाळी सहा चाळीसला धुकं होतं. बोटं आखडली होती. मी म्हणालो, “सेक्टर दोन, क्लिअर.”

दत्तूनं माइकचं बटण दाबलं नाही.

“साहेब, कुनी न्हाई म्हनता, का दिसत न्हाई म्हनता?”

“पाठव, दत्तू.”

“पाठवतो की. पर माझ्या आवाजात जायाचंय त्ये.”

मी पुन्हा दुर्बिणीत बघितलं. नुसतं धुकं. त्यानं पाठवलं, “सेक्टर टू, अनऑब्झर्व्ड. ओव्हर.”

निवृत्तीनंतर मी पुस्तकं आणि एक वही घेऊन घरी बसलो. समोरच्या डोंगराचेही मी तीन सेक्टर पाडले. वणवा, धूर, ससाणे, जे दिसेल ते वेळेसह लिहायचो. गावात कोणी हसलं नाही, कारण दोन वणवे माझ्या गच्चीवरून आधी कळले होते. दत्तूही निवृत्त होऊन शेरडं राखत होता. तो मात्र हसायचा. “साहेब, डोंगर पळून न्हाई जायाचा.”

माझ्याकडे एक चांगली दुर्बीण होती. मुळशीच्या पावसाळ्यात ती कपाटात राहिली आणि आतल्या भिंगांवर बुरशी चढली. दुरुस्तीला पुण्याला न्यायची होती. आज नेऊ, उद्या नेऊ असं करत राहिलो. ते बघून हिंजवडीत नोकरी करणाऱ्या माझ्या मुलीनं, सुषमानं, एक चष्मा मागवून दिला. चष्म्यासारखा नाकावर चढवायचा, पुढे दोन आखूड नळ्या. डब्यावर लिहिलं होतं की दुर्बिणीची गरज उरत नाही आणि हात मोकळे राहतात.

मी तो तपासला. भिंगं प्लॅस्टिकची. मध्यभागी वस्तू थोडी मोठी दिसे, कडेला सगळं विरघळलेलं. उन्हाकडे तोंड केलं की आत पांढरे ठिपके नाचत. दत्तूनं तो घालून आपल्या शेरडांकडे बघितलं.

“साहेब, माझी बारा शेरडं धा झाली.”

“दोन कडेला गेली असतील.”

“मग ह्यो चष्मा बाजारला न्यावा. इकताना काढायचा, घेताना घालायचा.”

सुषमासमोर आम्ही हे बोललो नाही. तिनं प्रेमानं आणला होता.

ऑक्टोबरातला दिवस. दुपारी दोन वीसला दत्तूचा फोन आला.

“साहेब, पडलोय. मांडी मोडलीया. रगत लई जातंय. वरचं उंबर धरा, उजवीकडं...”

फोन तुटला. पुन्हा लागला नाही.

दोन चाळीसला गावातले नऊ जण माझ्या अंगणात जमले. दत्तूची बायको हिराबाईही आली. वरच्या उतारावर उंबर दोन होते. गवत छातीभर उंच. नऊ माणसांनी तिन्ही सेक्टर धुंडाळायचे तर अंधार पडला असता. मी गच्चीवर गेलो. दुर्बिणीत धुरकट जाळं. ती ठेवली आणि चष्मा चढवला.

सूर्य डोंगराच्या वर होता. सेक्टर दोनमध्ये पांढरा ठिपका चमकला. थांबला. पुन्हा चमकला. थांबला. तिसऱ्यांदा चमकला. मी मनात म्हणालो, प्लॅस्टिक. मान फिरवली तर सगळीकडेच ठिपके होते. माणूस कुठे दिसला नाही. चष्मा काढून नुसत्या डोळ्यांनी एकदा बघायला दहा सेकंद लागले असते. खाली माणसं ओरडत होती.

“सेक्टर दोन, क्लिअर,” मी वरून सांगितलं. तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. वहीत तेच लिहिलं.

हिराबाई म्हणाली, “भावजी, दोनकडं माझी शेरडं वरडत्यात. ऐका की.”

“वहिनी, मी बघितलंय. तिथं कोणी नाही.”

हवालदार म्हणाला म्हणून माणसं एक आणि तीनमध्ये गेली. चार वाजता त्यांचा फोन, काही नाही. पावणेपाचला फोन, काही नाही. मी गच्चीवरून हाका मारत राहिलो. वारा डोंगरावरून खाली येत होता, वर आवाज पोचणार नाही, हे मला माहीत होतं. तरी मारल्या. हिराबाई केव्हा निघून गेली, ते मला कळलं नाही.

पाच वीसला तिची किंकाळी सेक्टर दोनमधून आली.

मी पोचलो तेव्हा अंग अजून कोमट होतं. पंचा मांडीला आवळलेला. उजव्या हातात जेवणाच्या स्टीलच्या डब्याचं झाकण होतं. आमच्या चौकीवर रेडिओ बंद पडला, तर आरशानं तीन चमका द्यायच्या, असा नियम होता. त्यानं तो पाळला होता.

त्या चष्म्यावर माझा पहिल्यापासून विश्वास नव्हता. म्हणून त्यानं जे दाखवलं ते मी खोटं मानलं. आणि त्यानं जे दाखवलं नाही, त्यावर मात्र विश्वास ठेवला.

तेराव्यानंतर सुषमानं विचारलं, “बाबा, माझ्या चष्म्यामुळे झालं का?” मी म्हणालो, “चष्म्यानं रिपोर्ट दिला नाही. मी दिला.”

काही दिवस गेले. मग एकदा हिराबाई शेरडं घेऊन जाताना अंगणात थांबली.

“भावजी, त्या दिशी तुमास्नी काय बी दिसलं न्हवतं?”

“दिसलं होतं, वहिनी. तीनदा चमकलं होतं. मी मानलं नाही.”

तिनं डोंगराकडे बघितलं. “मंजी त्येला वाटलं असंल, साहेबांनी बघितलं. आता येत्याल.” एवढं बोलून शेरडांमागे गेली.

दुर्बीण आता दुरुस्त होऊन आली आहे. दर दुपारी तीन पाचला मी सेक्टर दोन बघतो. उजवीकडून डावीकडे, जवळून लांब.

लष्करी नोंदीत खाडाखोड चालत नाही. चुकीच्या शब्दावर एकच रेघ मारायची, जुना शब्द वाचता आला पाहिजे. वर बरोबर शब्द लिहायचा आणि सही करायची. मी त्या दिवशीच्या ‘क्लिअर’वर रेघ मारली. वर ‘अनऑब्झर्व्ड’ लिहिलं. त्याखाली लिहिलं: नाईक दत्तू कोकरे, सेक्टर दोनमध्ये हजर. तीन वेळा सिग्नल दिला.

मग सही केली.