बॅकग्राउंड घाण होतं

रविवार, सकाळचे सात वाजून बारा मिनिटं. कळव्याच्या मागच्या डोंगरउतारावर चित्रा वैशंपायन आंब्याच्या एका पडलेल्या ओंडक्यासमोर पालथ्या पडून आहेत. अंगाखाली जुन्या रेनकोटचा तुकडा, डाव्या हातात कॅमेरा, उजव्या हातात लांब दांडीचा, रुपयाएवढा आरसा. दात तपासायला वापरतात तो. या आरशात अळंबीची खालची बाजू दिसते, ती उपटावी लागत नाही. आज आरशात फक्त ओलं लाकूड दिसलं आणि त्यावर देठाचं खोडकं. काप सरळ होता. गोगलगाय असं कापत नाही, ब्लेड कापतं.

चित्राबाई पंचावन्न वर्षांच्या आहेत. डोंबिवलीच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये सव्वीस वर्षं तंत्रज्ञ. शौचाचे, थुंकीचे, पुवाचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं हे त्यांचं काम. पेशंट डबी कागदात आणि कागद पिशवीत गुंडाळून आणतात, नजर चुकवत म्हणतात, "जरा घाण आहे, मॅडम." चित्राबाई डबीवर नाव लिहितात आणि सांगतात, "घाण नाही, नमुना आहे." त्यांच्या टेबलावर तो दुसरा शब्द चालत नाही.

ओंडक्यावरची अळंबी राखाडी-निळी, शर्टाच्या बटणाएवढी. तीन पावसाळ्यांपूर्वी ती पहिल्यांदा दिसली. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात उगवते, एक दिवस पूर्ण उघडते, दुसऱ्या दिवशी काळी पडून विरघळते. तिचं नाव अजून कोणाला सांगता आलेलं नाही. पुण्यातले एक निवृत्त प्राध्यापक ओळखून द्यायला तयार आहेत, पण त्यांची अट आहे: उघडलेली छत्री, तिच्या खालचे पातळ पडदे आणि ती उभी आहे ते लाकूड, सगळं जागच्या जागी. पहिल्या वर्षी फोटो हलला. दुसऱ्या वर्षी गोगलगायीने आधी गाठलं. तिसऱ्या वर्षी चित्राबाईंनाच डेंगी झाला.

यंदा मिटलेली छत्री शनिवारी सकाळी दिसली. चूक तिथे झाली, आणि ती त्यांचीच. निसर्गफेरीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्यांनी फोटो टाकून लिहिलं, "आंब्याच्या ओंडक्याच्या डाव्या टोकाला कृपया पाय देऊ नये. उद्या उघडेल." ग्रुपवर चौऱ्याऐंशी जण आहेत. एकसष्ट जणांनी अंगठा दाखवला. आता पाहता, दोन्ही अर्थांनी.

फेरी चालवणारा प्रफुल्ल वीस पावलं वर होता. वय चौतीस, फोटोच्या तीन स्पर्धांत बक्षिसं. शेवाळलेल्या एका दगडाभोवती त्याच्यासह सहा-सात जण कॅमेरे घेऊन उकिडवे बसले होते.

"प्रफुल्ल, ओंडक्यावरची अळंबी?"

"ही काय, काकू. शिफ्ट केली. तिथे बॅकग्राउंड एकदम घाण होतं."

घाण म्हणजे कुजलेली साल, शेणाचा पो, कालची पानं. ज्यावर ती उगवली होती ते. आता ती दगडावर गोंदाने उभी होती. देठाभोवती गोंदाचा पांढरा डाग पडला होता. छत्रीवर ग्लिसरीनच्या पाण्याचे थेंब, दव म्हणून. आणि खाली नखाएवढा एक बेडूक.

"किती शांत बसलाय ना," कल्पिता म्हणाली. कल्याणहून आलेली, पहिलीच फेरी. "आमच्याकडची पालसुद्धा एवढा वेळ थांबत नाही."

चित्राबाईंनी बोटाची मागची बाजू बेडकाला लावली. फ्रिजमधल्या बाटल्या त्या रोज हाताळतात.

"तो शांत नाही. गार आहे."

प्रफुल्लच्या पिशवीत श्रीखंडाचा डबा होता, भोवती बर्फाच्या पिशव्या. आत आणखी दोन बेडूक आणि एक सुरवंट. कोणीच हलत नव्हतं.

"अर्धाच तास ठेवलेले," प्रफुल्ल म्हणाला. "सगळे करतात, काकू. नंतर सोडतो ना."

"पकडले कुठे?"

"शहाडला. नदीकडे."

"आणि सोडणार इथे."

"बेडकाला काय आधार कार्ड लागतं?"

दोघं-तिघं हसले. एकाने फवाऱ्याची बाटली उचलून बेडकावर अजून दोनदा मारली. बेडूक कातडीनेही श्वास घेतो. ती कातडी ग्लिसरीनने चकाकत होती. एक डोळा अर्धा मिटलेला. चित्राबाईंनी दगडाकडे बोट केलं.

"घाण ही आहे," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही.

"तो गोंद ना? फोटोशॉपमध्ये जातो. दिसणार पण नाही."

त्यांनी हात ओला केला, बेडूक उचलला, बाटलीतल्या साध्या पाण्याने धुतला आणि बर्फाबाहेर काढलेल्या डब्यात ठेवला. डबा कल्पिताच्या हातात दिला. "झाकण तिरकं ठेव, सावलीत धर. शहाड तुझ्या घराजवळ पडतं. नदीकाठी सोड."

"अहो, डबा आईचा आहे," प्रफुल्ल म्हणाला.

"देते मी धुऊन," कल्पिता म्हणाली.

चित्राबाई रेनकोटचा तुकडा उचलायला ओंडक्याकडे उतरल्या. आरसा पुसायच्या आधी त्यांनी तो सवयीने ओंडक्याच्या पोटाखालीही फिरवला. सालीच्या भेगेत एक छत्री मिटलेली होती, तांदळाच्या दाण्याएवढी. कडा नुकती सुटायला लागलेली. दगडावरची शनिवारी अशीच होती आणि आज उघडली. त्यांनी फोटो काढला नाही. फ्लॅश वरून दिसला असता.

"काकू, अजून काही आहे का तिकडे?" प्रफुल्लने वरून विचारलं.

"नाही."

खाली रस्त्याला लागल्यावर त्यांनी लॅबमधल्या हेमाला फोन लावला. "हेमा, उद्याची सकाळ तू घे. माझी दुपारपाळी."

"सोमवार आहे, ताई. शुगरवाल्यांची रांग दारापर्यंत असते. बदली का, म्हणून विचारतील. काय सांगू?"

"काही सांगू नकोस. कोणालाच."

हेमाने दोन शिव्या हसत दिल्या आणि दहा मिनिटांनी लॅबच्या फळ्याचा फोटो पाठवला. त्यावर लिहिलं आहे: सोमवार, सकाळी सात, हेमा, दुपारी दोन, चित्रा.