कुलूपबाई आणि 'आमचे हे'

पासवर्ड टाकायची वेळ आली की कुलूपबाई समोरच्याला हुकूम सोडत, "वर पाहा, वर!" समोर सरपंच असो की सख्खी सासू, मान वर करावीच लागे. ऑफिसच्या छपराला बावीस पत्रे आहेत, हे त्यामुळे सगळ्यांना पाठ झालं होतं.

धामणगाव बढ्याच्या आमच्या भाजीपाला गटाचा कॉम्प्युटर त्या सांभाळत. रोज मलकापूरहून बसने येत. भाजीची गाडी कधी, कुठे येणार, हा निरोप सगळ्या बायांच्या फोनवर आपोआप जावा, अशी व्यवस्था त्यांनी बसवली होती. निरोप धाडायला अक्षर-आकड्यांची एक लांबलचक चाबी लागे. ती कॉम्प्युटरातच, पण वेगळ्या तिजोरीत असे.

मी गटाची सचिव. वय अवघं अठ्ठावन्न, म्हणजे अक्कलदाढ जेमतेम आलेली. बाई रजेवर असताना मी एक नवा निरोप स्वतःच बसवला आणि तिजोरीची कटकट नको म्हणून चाबी सरळ त्यातच चिकटवली. वर मेहकरच्या गटाने नक्कल मागितली, तर चाबीसकट देऊन टाकली. काय ते औदार्य!

दुसऱ्या दिवशी आमच्याच बायांना निरोप आला : 'भाजी मेहकर बसस्टँडवर आणा.' मेहकरवाल्यांनी पाठवलेला, पण चाबी आमची, म्हणून आला आमच्याकडे. दोन जावा कोथिंबिरीचं गाठोडं घेऊन खरंच गेल्या. संध्याकाळी परतल्या तेव्हा तिघीही सुकल्या होत्या. जावा आणि कोथिंबीर.

"तुमच्या निरोपावर आता भरोसा नाई," थोरली म्हणाली. हे गावभर झालं की गाडी रिकामी जाणार आणि गट बसणार.

कुलूपबाईंनी आल्या आल्या जुनी चाबी रद्द करून नवी तिजोरीत टाकली. मग माझ्याकडे वळल्या.

"काकू, काकाचं नाव कधी घेतलं काय तुमी?"

"छे गं बाई!"

"'आमचे हे' म्हनलं का घरच्याईले समजते ना? तसंच कॉम्प्युटरले समजते. निरोपात नुसतं 'आमची चाबी' लिहा. खरी तिजोरीत राहू द्या."

"आणि मेहकरवालीने नक्कल नेली तर?"

"थे 'आमचे हे' म्हनन तर तिचाच नवरा येईन ना! तुमचा काऊन जाईन?"

हे लग्नाआधीच कुणी सांगायला हवं होतं.

मग त्यांनी मला दारोदार पाठवलं. चूक माझी, तर सांगायचीही मीच. नवऱ्याचा दाखला दिला की बाया हसून लोळत. दुसऱ्या दिवशी गाडी भरली. जावा सगळ्यांत शेवटी आल्या, ताजी कोथिंबीर घेऊन.

पुढे कुलूपबाई लेकीकडे नागपूरला निघाल्या. शेवटच्या दिवशी त्यांनी मला खुर्चीत बसवलं. "साऱ्या चाब्या बदला. जाताना माह्याजवळ तुमचं काही नको." आणि न सांगता स्वतःच मान वर केली.

मी टाइप करत राहिले. थोड्या वेळाने आवाज आला, "एकवीस पत्रे हायेत, काकू."

"बावीस. नीट मोजा."

त्या पुन्हा पहिल्यापासून मोजू लागल्या. माझं टाइप करून कधीच झालं होतं.