चव्वेचाळीसची शिडी

मी काचेच्या नळ्या साबणाने धुतल्या.

साबणाने भांडी धुणं याला जगात कुणी मूर्खपणा म्हणत नाही. रेणूंचं वजन करणाऱ्या यंत्रापुढे म्हणतात. तसं यंत्राबरोबर आलेल्या जाडजूड पुस्तकात सुरुवातीलाच बजावून ठेवलं होतं. ते पुस्तक कुणाच्या हाती लागू नये म्हणून मी कपाटात कुलूप लावून ठेवलं होतं. माझ्याही हाती लागलं नाही.

नव्वदच्या दशकात मी लखनौच्या एका सरकारी प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ होतो. आमची मराठी मंडळी, म्हणजे बख्शी का तालाबच्या तळावरची हवाई दलातली कुटुंबं, दोन-चार रेल्वेवाले आणि मी, एखाद्या रविवारी कुणाच्या तरी क्वार्टरमध्ये जमायची. साबुदाण्याची खिचडी पोटात गेली की विषय ठरलेला: इथल्या लोकांना स्वच्छता कशाशी खातात ते ठाऊक नाही. या विषयावर सगळ्यात जास्त मीच बोलायचो. आमची मुलं शेजारच्या खोलीत हिंदीत भांडत असायची, आणि आम्ही खिचडीचे डाग पडलेल्या सतरंजीवर बसून अख्ख्या उत्तर हिंदुस्थानाला आंघोळ घालायचो.

हाच अभिमान घेऊन मी सोमवारी प्रयोगशाळेत जायचो.

तिथे ते यंत्र होतं. परदेशी. त्याला स्वतंत्र खोली, स्वतंत्र एसी. चपला बाहेर काढून आत जायचं. उद्घाटनाच्या दिवशी हार घातला तो यंत्राला नाही, संचालकसाहेबांना. पुढे उन्हाळ्यात साहेब रोज दुपारी 'प्रोग्रेस' बघायला त्या खोलीत येत, खुर्चीत बसत आणि डोळे मिटून प्रोग्रेस बघत. वीज गेली की यंत्राच्या आतली निर्वात पोकळी बिघडायची आणि ती पुन्हा जमायला दिवस लागायचे. साहेबांची झोपही बिघडायची. कोणत्या नुकसानीची तक्रार वर जायची ते सांगायला नको.

यंत्राचं काम सांगायला सोपं आहे. प्रथिनासारखा अवजड रेणू पाण्यात विरघळवायचा, विजेच्या जोरावर सुईतून त्याचा फवारा उडवायचा, आणि विजेचा भार घेऊन उडालेले रेणू चुंबकाजवळून जाताना किती वळतात त्यावरून त्यांचं वजन काढायचं. वजन जुनी यंत्रंही काढायची. हे नवं यंत्र दशांशचिन्हाच्या पुढचे आकडेही सांगायचं. त्याची सगळी किंमत त्या पुढच्या आकड्यांसाठी मोजलेली होती. हे वाक्य मी पाहुण्यांना इतक्यांदा ऐकवलं होतं की मला ते झोपेतही म्हणता आलं असतं. बहुधा झोपेतच म्हणत होतो.

माझ्या हाताखाली पीएच.डी. करणारी मुलगी मलिहाबादची, आमराईवाल्यांच्या घरातली. दशहरी आंब्याच्या कोयीत एक प्रथिन असतं आणि ते खाल्लं की किडीचं पोट बिघडतं, असं तिचं म्हणणं होतं. आम्ही सगळे आंबे खात होतो तेव्हा ती कोयी गोळा करत होती. त्या फोडून, वाटून, गाळून, पुन्हा गाळून तिच्या हाती काय आलं, तर नखावर मावेल एवढं पांढरं पीठ. त्याचं नेमकं वजन मिळाल्याशिवाय प्रबंध पुरा होत नव्हता. फेलोशिप मार्चअखेर संपत होती, आणि हे चाललं होतं फेब्रुवारीत. नव्या कोयी मिळायच्या तर आंबे पिकायला हवेत. थोडक्यात, त्या पिठाचं काही झालं तर तिचा प्रबंधही बुडणार होता.

असं ते पीठ तिने माझ्या हातात दिलं. मी म्हणालो, "नळ्या मी स्वतः धुणार. इथल्या धुण्यावर माझा विश्वास नाही." ती म्हणाली, "सर, प्लास्टिक की नई ट्यूब रखी है, पैकेट बंद." मी हसलो. प्लास्टिक म्हणे.

घरी मेहुण्याने परदेशातून आणलेल्या द्रव साबणाची बाटली होती, लिंबाच्या वासाची. बायकोने ती चांगल्या काचेच्या भांड्यांसाठी जपून ठेवली होती. मी ती पळवली. नळ्या घासल्या, खळखळून धुतल्या, उन्हात पालथ्या घातल्या. इतक्या लखलखत होत्या की दारावरून जाणाऱ्या दोघातिघांना मी थांबवून दाखवल्या.

मग त्यांत सगळं पीठ विरघळवलं, फवारा उडाला आणि कागदावर शिखरं उमटायला लागली, प्रत्येक शिखर म्हणजे एक वजन. एकापुढे एक, सारख्या अंतरावर, चढत गेलेल्या शिडीसारखी. दर दोन शिखरांत चव्वेचाळीसचं अंतर. चव्वेचाळीस म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या रेणूचं वजन. हे कॉलेजातलं पोरही सांगेल, आणि त्या पोराइतकाच विचार करून मीही सांगितलं. या प्रथिनाला कार्बन डायऑक्साइड चिकटतो. एक नाही, दोन नाही, डझनावारी. एका रेणूवर इतका वायू चढवून मी त्याची सोडावॉटरची बाटली करतोय, हे मला खटकलंही नाही.

तिला खटकलं. "सर, दशमलव के बाद वाला नहीं मिल रहा. यहाँ चवालीस से थोड़ा ऊपर है, कार्बन डायऑक्साइड थोड़ा नीचे होना चाहिए. और हमारा प्रोटीन तो दिख ही नहीं रहा."

यावर ज्या माणसाने दशांशाच्या आकड्यांचं गुणगान करून पाहुण्यांचे कान किटवले होते, तो म्हणाला, "अरे, राउंड ऑफ करो. इतनी बारीकी में साइंस नहीं होती."

तिने मान खाली घातली. लखनौकडे अदब फार. मला वाटलं, पटलं तिला.

आठवड्याच्या आत मी सेमिनार ठेवला. समोसे होते, म्हणून हॉल भरला. मी शिडी दाखवली, हात हलवले, 'निसर्गातली अपूर्व घटना' असे शब्द वापरले. शेवटी साहेबांनी प्रश्न विचारला. साहेब प्रत्येक सेमिनारला एकच प्रश्न विचारत, कारण तो कुठल्याही विषयाला चालतो आणि विचारायला मध्येच जागं झालं तरी पुरतं. "ब्लैंक चलाया था?"

ब्लँक म्हणजे नळीत प्रथिन न घालता नुसतं पाणी उडवून बघायचं. मी उडवलं नव्हतं. "कल चला लेते हैं, सर," मी लहान मुलाची समजूत काढावी तसं म्हणालो.

दुसऱ्या दिवशी नुसतं पाणी उडवलं. तीच शिडी. प्रथिनाची अडगळ नसल्यामुळे आता तर अधिकच देखणी.

साबणाचा रेणू म्हणजे एकाच प्रकारच्या मण्यांची माळ, आणि एका मण्याचं वजन चव्वेचाळीसहून किंचित जास्त. तो काचेला चिकटून राहतो, फवाऱ्यात सगळ्यांच्या आधी उडतो आणि बाकी कुणाला उडू देत नाही. सरकारी खात्यात असे बरेच पाहिले होते, पण ओळखता आला नाही. मी लिंबाच्या वासाच्या साबणावर व्याख्यान देऊन आलो होतो.

घरी बायको बाटली शोधत होती. "अहो, तो साबण कुठाय?"

सांगितलं.

"माझ्या बाउलना मी थेंब थेंब लावत होते, आणि तुम्ही अर्धी बाटली नळ्यांवर ओतलीत? आता त्या पोरीचं काय?"

पीठ संपलेलं, आंब्यांना अजून मोहोरच. पुढचे काही दिवस आम्ही यंत्राच्या नळ्यांतून निव्वळ पाणी आणि अल्कोहोल सोडत बसलो. ती माझ्याशी पूर्वीइतक्याच अदबीने बोलत होती, आणि ते फार वाईट असतं. शिडी फिकी होत होत एकदाची गेली, तेव्हा मी घसा साफ करून म्हणालो की मुदत वाढवून मिळावी म्हणून मी स्वतः साहेबांशी बोलेन.

ती उठली, फ्रीझरपाशी गेली आणि एक छोटी प्लास्टिकची नळी घेऊन आली. तळाशी पांढरं पीठ होतं. मला काही विचारायची संधी न देता तिने पाकिटातून नवी नळी काढली, पीठ विरघळवलं आणि फवारा सुरू केला. पडद्यावर तिचं प्रथिन उभं राहिलं. नेमकं, स्वच्छ, दशांशाच्या पुढचे आकडेही तिने मांडलेल्या गणिताशी जुळणारे. प्रबंध मार्चअखेर सादर होणार हे आता नक्की झालं.

मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त राग आला. मी विचारलं, "ये आधा तुमने मुझे दिया क्यों नहीं था?"

आकडे उतरवून घेता घेता, मान वर न करता ती म्हणाली, "सर, आपके हाथ में सब कुछ कौन देता है?"