नाथाजीची जखडलेली चाकं

हंबीररावाचा ट्रक दिसला की नाथाजीला जेवण जात नसे. ऐकीव सांगत नाही. आमच्या पक्षाच्या सभांना माणसं नाथाजीच वाहून आणायचा, मी त्याच्या शेजारी बसायचो, आणि वाटभर शिव्या मात्र हंबीररावाला!

दोघं कडेगावकडचे. दोघांनी लढाईत सरकारी गाड्या हाकल्या, आणि लढाई संपल्यावर लिलावातले लष्करी ट्रक घेतले. पण चिखलात नाथाजीचं एक मागचं चाक गरागरा फिरे, दुसरं ढिम्म. हंबीररावाची दोन्ही एकदम फिरत. त्यानं मागच्या आसाच्या डिफरन्शलला, म्हणजे दोन चाकांत जोर वाटणाऱ्या दातेरी पेटीला, कुलूप बसवलं होतं.

"इचारा की त्यास्नी," नाथाजीची बायको रंगूबाई म्हणाली.

"मी? त्यापरीस गाडी भंगारात घालीन!"

गावची रीत अशी, की पहिला गूळ ज्यानं सांगलीच्या पेठेत पोचवला, हंगामभराची वाहतूक त्याची. त्या साली पहिली खेप न्यायची पाळी नाथाजीची. पण पाऊस लांबलेला, गुऱ्हाळापुढं गुडघाभर चिखल. गाडी रुतली की पाळी आणि हंगाम हंबीररावाचा.

नाथाजीनं डिफरन्शल उतरवून साताऱ्याला नेलं आणि आतली दातेरी चाकं वेल्डिंगनं कायमची जखडून आणली.

ढेपा भरल्या. बॉनेटवर हार चढला. मी शेजारी बसलो. गाडी चिखलातनं हत्तीसारखी निघाली.

"बघितलं का रं, हंबीरा!"

पक्क्या सडकेवर वळण आलं. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त फिरावं लागतं. इथं दोन्ही एकमेकांना बांधलेली. गाडी वळलीच नाही. सरळ घुसली ती हंबीररावाच्याच उकिरड्यात.

गाव हसून लोळलं. हंबीररावानं दोर लावून गाडी मागं ओढली.

"माझ्या कुलपाला खटका हाय, गड्या. चिखल सरला की सोडतो. तू आता एका चाकाकडं जोर नेणारा दांडा काढ. दुसऱ्या चाकावर जाशील सांगलीला."

नाथाजीनं मुकाट दांडा उपसला. भोकावर पत्रा बसवला, गूळ पोचवला. हंगाम त्याचा झाला.

परतताना मी म्हणालो, "माणूस दिलदार हाय."

त्यानं करकचून ब्रेक मारला. "उतर खाली! हसला असता तर सोसलं असतं. वाट कशापायी दावली त्यानं?"

मीही काही कमी नाही. उतरलो, चालत आलो.

हंगामभर तो चिखलाच्या तोंडाशी थांबून दांडा घालायचा आणि सडकेला लागला की काढायचा. खटका बसवून घे म्हटलं, की पाना उगारायचा.