आर्डिथचा चौथा नकार

आर्डिथ कोल्स्टाडच्या पंचाहत्तरीला चर्चच्या तळघरात सगळं गाव जमलं होतं. केक कापून झाल्यावर तिचे दोन्ही मुलगे, कर्टिस आणि ड्वेन, तिला हाताला धरून बाहेर पार्किंगमध्ये घेऊन आले. तिथे ती उभी होती. एकाहत्तर सालची स्टेशन वॅगन. अठरा फूट लांब, हिरवीगार, दोन्ही अंगांना लाकडासारखं दिसणारं प्लॅस्टिक चिकटवलेलं, टपावर सामानाचा कठडा. पंधरा वर्षं कर्टिसच्या गोठ्यात पडून होती. मुलांनी दोन हिवाळे खपून तिला नवी केली होती.

"आई, तुझी गाडी!" धाकटा ड्वेन म्हणाला, आणि त्याने बाहीने बॉनेट पुसलं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आर्डिथ एक पाऊल मागे सरली.

ही गाडी घेतली तेव्हा मिनेसोटातल्या त्या गावात दारोदार अशीच गाडी होती. पोरं चार-पाच, कुत्रा एक, दुसरं काय घेणार? तिच्या नवऱ्याने, व्हर्लिनने, पिकअप स्वतःला ठेवली आणि हे धूड बायकोच्या हवाली केलं. पुढे तिघं, मध्ये तिघं, आणि अगदी मागे, उलट्या तोंडाच्या बाकावर, मागच्या ट्रकवाल्यांना वेडावून दाखवत आणखी दोघं. मागचं दार टेबलासारखं खाली उघडायचं, नाहीतर कपाटासारखं बाजूला. पण आधी काच खाली घ्यावी लागायची, आणि थंडीत ती काच गोठून बसायची. पेट्रोल ढोसायची ते वेगळंच. त्र्याहत्तरच्या टंचाईत काहींनी छोट्या गाड्या घेतल्या. पुढे डब्यासारख्या उंच मिनीव्हॅन आल्या आणि उरलेल्या वॅगन एकेक करून दिसेनाशा झाल्या. आर्डिथची तेवढी राहिली, आणि तिथेच घात झाला.

"आर्डिथकडे मोठी गाडी आहे," एवढं म्हटलं की गावाचा प्रश्न मिटायचा. मयतीच्या जेवणाची भांडी, कॉफीची पिंपं, घडीच्या खुर्च्या, शाळेच्या बँडचा ढोल, दुसऱ्यांची ओकणारी पोरं, सगळं तिच्या गाडीत. शाळेच्या स्वयंपाकघरात आठ तास उभी राहून आलेल्या बाईला दमलीस का म्हणून कुणी विचारलं नाही. नव्वद साली इंजिनाने मान टाकली, तेव्हा ती न्हाणीघराची कडी लावून पोटभर हसली होती. मग तिने दोन दारांची चिमुकली गाडी घेतली. तिच्या मागच्या सीटवर आजवर पर्सशिवाय काही बसलं नव्हतं.

"बरं झालं बाई!" चर्चच्या स्वयंपाकघराची कारभारीण लव्हॉन तिच्या कानाशी म्हणाली. "गुरुवारी ऑस्करच्या मयतीचं जेवण आहे. शेजारगावाहून चाळीस खुर्च्या आणायच्यात. मी म्हणतच होते, आता कुणाच्या पाया पडू!"

आर्डिथने घाईघाईने मुलांकडे वळून म्हटलं, "नको रे मला."

ड्वेन हसला. लोकही हसले. नॉर्वेहून आलेल्या लोकांच्या त्या गावात रीतच तशी. कॉफी असो, केक असो, तीनदा नको म्हणायचं आणि मग घ्यायचं. पहिल्या झटक्यात हो म्हणेल तो हावरट.

"घे गं, आई."

"अरे, खरंच नको. काय करू मी तिचं?"

"चालव की!"

"कर्टिस, नको म्हणतेय ना."

"झाले तीन!" गर्दीतून कुणीतरी खुशीत ओरडलं. कर्टिसने किल्ल्या तिच्या तळहातावर ठेवल्या आणि तिची मूठ मिटवली. लव्हॉन तर मागच्या दारातून आत डोकावून किती खुर्च्या मावतील ते बघायला लागली.

आर्डिथने मूठ उघडली. "नको."

टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच राहिले.

"आई, तीन होऊन गेले," कर्टिस हळूच म्हणाला.

"मला मोजता येतं. हा चौथा आहे. हा खरा."

"पण तुला किती आवडायची ती!"

"तुम्हाला आवडायची. तुम्ही मागे तोंड करून बसायचात. माझं तोंड कधी बघितलंत?"

कर्टिस बुटांकडे बघत राहिला. मग त्याच्या खांद्यांना हिसके बसू लागले. तो हसत होता. "आणि आम्ही दोन हिवाळे..."

"छान केलीत. मला नको, एवढंच."

"मग खुर्च्या?" लव्हॉनने गाडीतूनच विचारलं.

"ज्याची गाडी, त्याला विचार."

ड्वेनचा हात टपावरच्या कठड्यावरून सावकाश फिरत होता. आर्डिथने ते पाहिलं.

"तुला हवीय?"

"छे! तुझ्यासाठी केलीय."

"घेऊन जा."

"नको गं, बरं दिसत नाही ते."

"तिसऱ्यांदा म्हणालास तर मी खरं धरेन," आर्डिथ म्हणाली. "आज माझ्याकडे आग्रह शिल्लक नाही."

ड्वेनने तोंड मिटलं. किल्ल्या घेताना त्याचे कान लाल झाले होते.

त्याच्या दोन्ही मुली धावत जाऊन उलट्या बाकावर बसल्या. गाडी हलली. पोरी आजीला जीभ काढून दाखवत होत्या. आर्डिथ कमरेवर हात ठेवून उभी राहिली. इतक्या वर्षांत ती गाडी लांब जाताना तिने कधी पाहिलीच नव्हती. चालवणारी तीच असायची ना. बाहेरून चांगली देखणी होती की!